टोकावड्याचा डबा

एसटी आली, पण डबा आला नाही.

"आज पन नाय?" रोशनीने खिडकीखालून विचारलं.

"नाय गो पोरी," कंडक्टर सुदाम म्हणाला. "टोकावड्याच्या टपरीवर दोनदा विचारलं. कोनी ठेवलाच नाय."

"जगनची आई बरी हाय ना?"

"मी डबा टपरीवरून उचलतो. घरचं मानूस मला काय ठाऊक?"

गाडी कल्याणकडे निघून गेली. रोशनीने मुरबाडच्या स्टँडवरच्या नळाला ओंजळ लावली, पोटभर पाणी प्यायलं आणि कॉलेजचा रस्ता धरला. आज तिसऱ्या वर्षाचा शेवटचा पेपर होता. कालचा पेपरही तिने असाच पाण्यावर दिला होता आणि शेवटच्या प्रश्नाला डोळ्यांपुढे अक्षरं नाचायला लागली होती.

घरून काही येण्याची आशा नव्हती. उंबरमाळीच्या वरच्या पाड्यावर बापाने तिचं लग्न ठरवलं, ती नाही म्हणाली, तेव्हापासून घराने तिचं नाव टाकलं होतं. बापाचा शेवटचा शब्द एवढाच होता, "पास झालीस तं तुझी तू मोकळी. नापास झालीस तं गुमान मांडवात उभी ऱ्हायची."

तेव्हा पास होणं भाग होतं आणि पोट काही ऐकत नव्हतं.

पहिले काही महिने तिने भूक झाकायला उपास धरले. सोमवारी महादेव, गुरुवारी दत्त, शनिवारी मारुती. उरलेल्या दिवशी पोट बिघडलेलं. देव वाढत गेले आणि रोशनी वाळत गेली. मानी तर अशी, की वर्गातल्या जगनने एकदा आपली अर्धी भाकरी पुढे केली तर सगळ्यांदेखत त्याच्यावर फिस्कारली, "मी काय भिकारीन हाय?" बिचारा कानापर्यंत लाल झाला.

दिवाळीनंतर जगन कॉलेजात आला तो डोक्यावर टोपी चढवून. सर ओरडले तरी त्याने ती काढली नाही, उलट तासातून उठून बाहेर गेला. वर्ग खो खो हसला. सुट्टीत त्याने रोशनीला मैदानाच्या कडेला गाठलं.

"मी कॉलेज सोडतो. भिवंडीला गोडावनात काम लागलंय. पन आईला सांगितलं नाय, ती हाय खाईल. मी इथंच खोलीवर ऱ्हातो समजून ती रोज गाडीतून डबा धाडनार. तू तेवढा उतरवून घे."

"मी काय करू त्याचं?"

"खा, टाक, कोनाला दे. पन धुवून सांजच्या गाडीत घाल. भरलेला परत गेला तं तिला कळंल. एवढं कर गो माझ्यासाठी."

रोशनीने उपकार केल्यासारखी मान हलवली. डबा घ्यायला लागली, आणि अन्न टाकायचं कसं, म्हणून खायला लागली.

सुरुवातीच्या भाकऱ्या एका बाजूने करपलेल्या, कडा फाटलेल्या. आमटीत मीठ हात सोडून. म्हातारीला नीट दिसत नसेल, रोशनीला वाटलं. महिन्याभरात भाकऱ्या गोल गरगरीत यायला लागल्या तेव्हा ती मनाशी हसली. आईला चष्मा मिळाला वाटतं.

धुतलेला डबा तसाच परत पाठवायला मात्र तिचा हात धजेना. दुसऱ्याच्या घरचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे तिच्या अंगातच मुरलेलं. जगनसारखा मुलगा असलं काही करणार नाही, आईला संशय येईल, हे कळत असूनही ती डब्यात साखरेची चिमूट टाकायचीच. कधी कॉलेजच्या आवारातला पेरू. संक्रांतीला तर बाजारातून हिरव्या बांगड्या घेऊन तिने डब्यात घातल्या. त्या बाईने पोरानेच धाडल्या समजून हातात भरल्या असतील, या विचाराने तिला बरंही वाटलं आणि रडूही आलं. आपण एका आईला रोज फसवून तिच्या हातचं खातोय, ही बोच काही जात नव्हती.

आणि आता दोन दिवस डबा नाही. जगनचा फोन बंद. आईला सगळं कळलं असेल? की ती अंथरुणाला खिळली असेल, आणि पोरगा तिकडे भिवंडीत बेखबर?

पेपर कसा लिहिला ते तिचं तिला माहीत. घंटा झाल्यावर मैत्रिणी फोटो काढत होत्या. ही खोलीवर गेली, उरलेली साखर पुडीत बांधली आणि माळशेजकडे जाणारी गाडी पकडली. पाया पडायचं, खरं सांगायचं, मग ती माऊली मारो की हाकलून देवो.

टोकावड्याच्या टपरीवर तिने वाट विचारली. पाड्यावरच्या शेवटच्या घराच्या ओट्यावर एक म्हातारा बसला होता. डोळे उघडे होते, पण नजर भलतीकडेच.

"जगनची आई हाय का घरात?" रोशनीने विचारलं.

म्हातारा आवाजाच्या दिशेने वळला. मग त्याने आत तोंड करून हाक मारली, "जगन, कोन आलंय बघ रं."

रोशनी उंबऱ्यातच थांबली. आत चुलीपुढे जगन बसला होता. उजव्या हाताला कोपरापर्यंत फडकं गुंडाळलेलं, आणि डाव्या हाताने तो परातीत भाकरी थापत होता. शेजारी तिच्या ओळखीचा डबा उघडा पडला होता.

"हात भाजला गो," तो खाली बघत म्हणाला. "उद्यापासून परत धाडनार होतो. पेपर कसा गेला?"

रोशनीने वर पाहिलं. समोरच्या भिंतीवर त्याच्या आईचा फोटो होता. झेंडूचा हार वाळून काळा पडला होता, खाली छापलेली तारीख दिवाळीच्या आधीची होती, आणि फोटोच्या खिळ्याला हिरव्या बांगड्या अडकवलेल्या होत्या.