दोन चक्र्या

मुथाशेठनी दुकानातलं सगळ्यात स्वस्त रिव्हॉल्व्हर काचेवर ठेवलं. सोबत गोळ्या भरायच्या दोन चक्र्या होत्या, एक साध्या गोळीची, एक जोरदार. हवी ती बसवायची; चक्रीशिवाय ते नुसतं लोखंड.

"जोरदारवाली मला," थोरला भाऊ म्हणाला.

"का? बांधावर कुणाला टिपायचंय?" धाकट्यानं विचारलं.

शेठनी रिव्हॉल्व्हर पटकन मागे ओढलं. बांधावरून या भावांनी एकमेकांची डोकी फोडल्याचं तालुक्याला ठाऊक होतं. परवाना मात्र मळ्यात एकट्या राहणाऱ्या त्यांच्या आईचा, ठकूबाईंचा होता.

ठकूबाईंनी दोघांच्या हातात एकेक चक्री ठेवली आणि रिव्हॉल्व्हर आपल्या पिशवीत टाकलं.

"मावशी, चोर आला तर?" शेठ पुटपुटले.

"एकाला तरी चक्री घेऊन माझ्या दारात यावंच लागेल. एरवी कोण फिरकतंय? एक आला की दुसरा मागं राहतोय होय?"

दोघं माना खाली घालून बाहेर गेले. ठकूबाई काचेवर वाकल्या.

"शेठ, आता एखादा बरा चोर आहे का ओळखीत?"