आढळले नाहीत

मुळगावच्या डोंगरावरच्या रानात सेजलने तीन पावसाळे काढले होते. पानाखाली चिकटून बसणारे नखाएवढे बेडूक तिने एकेक करून मोजले होते. तरीही तिचे मार्गदर्शक असलेल्या श्रीनाथ सरांनी सरकारी अहवालात लिहिलं, 'बेडूक आढळले नाहीत.' त्या अहवालाच्या जोरावर आज सकाळी रान कापायला सुरुवात झाली, आणि सेजल तडक सरांच्या डिचोलीच्या घरी पोचली.

सर घराच्या पुढच्या सोप्यावर बसले होते. तिने अहवाल त्यांच्या पुढ्यात आपटला. "माझ्याबरोबर उभे राहून बघितलेत तुम्ही. मग हे कुणासाठी लिहिलंत?"

सरांनी मान खाली घातली.

"चार दिवस झाले, तोंड उघडत नाहीत," दारातून त्यांची बायको म्हणाली. "पेजसुद्धा घेत नाहीत. तू वाद घालू नको, बाय."

"गप्प राहून सुटणार नाहीत ते, वहिनी." सेजल संतापाने सरांकडे वळली. "सर, एवढंच सांगा. होते की नव्हते?"

सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी हळूच तोंड उघडलं.

टिक्. टिक्. टिक्.

उघडे ओठ हलले नव्हते, जीभही नाही. हा आवाज सेजलने हजारांत ओळखला असता. रानात एका पानाखालून तो आला, की दुसऱ्या पानाखालचा बेडूक गळा फुगवून त्याला उत्तर देई.

तिचा राग तसाच होता, पण पाय मागे सरकले. "वहिनी, ऐकलंत?"

वहिनी दारातच उभ्या होत्या. ओठ घट्ट मिटलेले. त्यांचा गळा सावकाश फुगत चालला होता.