एक फेरी होईपर्यंत

बाळ झोपलं की मी दर दोन मिनिटांनी उठून त्याच्या नाकापुढे बोट धरायचे. श्वास चालू असायचाच, तरी पुन्हा उठायचे. शेवटी सासूबाईंनी माझ्या हातात क्रोशाची सुई दिली. "टेबलावरचा गोल रुमाल शिकवते. अट एकच, फेरी पूर्ण झाल्याशिवाय उठायचं नाही."

मधली पहिली फेरी बारा खांबांची, म्हणजे उभ्या टाक्यांची होती, ती कशीबशी निभली. पण रुमाल वाढेल तशी प्रत्येक फेरी लांबत गेली. सातव्या फेरीत मी अर्ध्यातच सुई खाली ठेवली. "आई, एकदाच बघून येते."

"आत्ताच तर बघितलंस. त्याला काय पंख फुटलेत? चल, दोन साखळ्या, एक खांब."

पंधरा दिवसांनी रुमाल झाला. तो ठेवायला सासूबाईंनी कपाटाचा खालचा कप्पा उघडला, तर आत तसल्याच गोल रुमालांची गच्च चळत होती. आमच्या घरात टेबल एकच आहे.

"आई, एवढे कशाला विणलेत?"

त्यांनी माझा वेडावाकडा रुमाल सगळ्यांत वर ठेवला आणि त्यावरून हात फिरवला.

"तुझा नवरा लहानपणी फार शांत झोपायचा गं."