चारही चाकं ओढणारी गाडी

“दोन चाकं ओढतात अन् दोन नुसती मागून फरफटत येतात, त्या गाडीले मी गाडीच म्हणत नाई,” घनश्याम पटले म्हणाले. “गाडी म्हणजे ऑडी. तेही क्वाट्रोवाली. चारही चाकं जमीन धरतात.”

समोर लोकेंद्र बिसेन चहा पीत बसले होते. फुलचूरचे हे धानाचे व्यापारी दर रविवारी कामठ्याला मित्राकडे येत आणि दोघं गाड्यांवर वाद घालत. घनश्याम नागपूरहून गाड्यांची मासिकं मागवून वाचत. लोकेंद्रांचा मासिकांवर काडीचा विश्वास नव्हता.

“फालतू वजन आहे ते,” लोकेंद्र म्हणाले. “बर्फाच्या मुलखात ठीक. आपल्याकडे एक्सलरेटरवर पाय सांभाळून ठेवला तर दोन चाकं भरपूर होतात.”

“पाय सांभाळून मायी गाडी थांबली असती काय त्या दिवशी?”

लोकेंद्रांनी चहाचा घोट घेतला. त्या दिवसाचा विषय निघाला की ते वाद सोडून देत.

२००६च्या पावसाळ्यात घनश्यामांची सेडान कोहमाऱ्याजवळच्या वळणावर घसरली आणि बाजूच्या धानाच्या बांधीत उलटली. गाडी ते स्वतःच चालवत होते. त्यांना खरचटलंही नाही, पण बायको सुमित्राबाईंचा खुबा मोडला. त्या अजून काठी घेऊन चालत. बसची पायरी त्यांना चढवत नसे. आणि घनश्याम त्यानंतर कुठल्याच कारमध्ये बसले नव्हते. मागची चाकं ओढत असती तर गाडी वळणावर टिकली असती, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला समजावून सांगत. दवाखान्यात लोकेंद्र एकदाच म्हणाले होते, “घनश्याम, वेग जास्त होता.” त्यावर घनश्यामांनी वर्षभर त्यांच्याशी अबोला धरला.

आता २०१३चा जुलै होता. कोहमाऱ्याच्या पुढच्या एका खेड्यात सुमित्राबाईंचे थोरले भाऊ शालीकराम अंथरुणाला खिळले होते. बहिणीला एकदा पाहायचंय, असा त्यांचा निरोप आला होता. त्याच रस्त्यानं बायकोला एकटीला पाठवायला घनश्याम तयार नव्हते, आणि स्वतः गाडीत बसायलाही. सुमित्राबाईंनी दोन दिवसांपूर्वी पुण्याला मुलीला, दुर्गेश्वरीला, फोन केला होता.

आणि आज, दोघा मित्रांचा चहा संपायच्या आत, दुर्गेश्वरीची गाडी अंगणात येऊन थांबली. ती पुण्यात गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात इंजिनिअर होती. गाडी जुनीच घेतलेली, चंदेरी रंगाची ऑडी होती.

घनश्याम उठून उभे राहिले. “ए-फोर काय?”

“हो.”

“क्वाट्रो?”

दुर्गेश्वरीनं दारात उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं. “क्वाट्रोच आहे, बाबा. चारही चाकं ओढतात. तुमचं ऐकूनच घेतली.”

घनश्यामांनी गाडीला चक्कर मारली. “मागं क्वाट्रो लिहिलेलं नाई.”

“आधीच्या मालकानं नाव काढून टाकलं. पुण्यात तशी फॅशन आहे.”

“येडा माणूस,” घनश्याम म्हणाले. त्यांनी दारावरून हात फिरवला, मग पुढच्या सीटवर बसले आणि पट्टा लावला. “चला. तुया मामा वाट पाहून राहिला असेल.”

“मीबी येतो,” लोकेंद्र म्हणाले. “पाहू तरी तुयी क्वाट्रो.”

रस्ताभर घनश्याम बोलत होते. इंजिनाची ताकद चाकांना कशी वाटली जाते, एक घसरलं तर बाकीची कशी सावरतात. कोहमारा मागं पडलं तरी त्यांचा आवाज डगमगला नाही. ते वळण आलं तेव्हा मात्र त्यांनी दाराची मूठ घट्ट धरली. गाडी वळणातून अलगद निघाली. मागे सुमित्राबाईंनी डोळे पुसले.

गावाच्या अलीकडे पुलाचं काम चालू होतं. बाजूनं काढलेला कच्चा रस्ता नुसता चिखल झाला होता. एक जीप रुतून बसली होती आणि माणसं तिला ढकलत होती.

“परत फिरायचं का?” दुर्गेश्वरीनं विचारलं.

“कायले?” घनश्याम म्हणाले. “जीप रुतली म्हणून आपण रुतू काय? घाल.”

लोकेंद्र खाली उतरले. पायजमा खोचून चिखलात गेले, कुठं तळ कडक आहे ते पायानं चाचपलं आणि एका बाजूला उभं राहून हातानं खूण केली. दुर्गेश्वरीनं गाडी सावकाश घातली. मधोमध ती अडखळली. चाकं गरगरली, चिखल उडून लोकेंद्रांच्या सदऱ्यावर गेला. दुर्गेश्वरीनं पाय हलका केला, गाडी जराशी मागं घेतली, पुन्हा पुढं नेली. या वेळी चाकांनी तळ धरला आणि गाडी पलीकडे चढली. जीपवाले बघत राहिले.

शालीकरामांनी बहिणीचा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही. ती आली म्हणून त्यांनी उठून बसून थोडा भात खाल्ला. घनश्याम खाटेशेजारी बसून त्यांना चिखलाची हकीकत सांगत होते.

“विचारा या लोकेंद्रले,” ते म्हणाले. “त्याच्यासमोर झालं सारं.”

सगळ्यांनी लोकेंद्रांकडे पाहिलं.

“हारलो मी,” लोकेंद्र म्हणाले. “आज मागच्या चाकांनीच काढलं बाहेर. त्या दिवशी तुयाकडे हीच गाडी पाहिजे होती, घनश्याम.”

घनश्याम बायकोकडे वळले. “पुढच्या महिन्यात पुन्हा येऊ,” ते म्हणाले. “तुले जवा वाटंल तवा येऊ.”

बाहेर अंगणात दुर्गेश्वरी गाडीचा चिखल धूत होती. लोकेंद्र पाण्याची बादली घेऊन आले.

“काका,” तिनं त्यांच्याकडे न बघता विचारलं, “खरंच पटली तुम्हाला क्वाट्रो?”

लोकेंद्रांनी बादली तिच्याजवळ ठेवली.

“मी बाजूलेच उभा होतो, बेटी,” ते हळूच म्हणाले. “गरगर फिरून राहिली होती ती पुढचीच दोन. मागची तर जागची हलली नाई.”