अण्णांचा हँडब्रेक

"अण्णा, बटण दाबा! खाली दाबा ते बटण!" घड्याळजी ओरडला.

ओरडेल नाही तर काय करेल? उजव्या हाताची दोन बोटं मागच्या चाकाच्या ब्रेकमध्ये अडकली होती, नवं पॅड आणि लोखंडी डिस्क यांच्या मधोमध. तीच दोन बोटं, ज्यांत चिमटा धरून तो घड्याळातले तिळाएवढे स्क्रू बसवायचा. त्याचं दुकान त्या दोन बोटांवर चालत होतं.

पॅड बदलायचं काम त्याने व्हिडिओ बघून काढलं होतं. "घड्याळ उघडणाऱ्याला गाडीचं काय एवढं!" असं बायकोला ऐकवलंही होतं. व्हिडिओतल्या माणसाने बजावलं होतं की या गाड्यांना हँडब्रेकचा दांडा नसतो, बटण असतं. बटण ओढलं की मागच्या चाकाजवळची मोटर फिरते आणि पॅड आवळते, खाली दाबलं की सोडते. तेव्हा आधी गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर जोडून मोटर मागे घ्यायची आणि काम संपेपर्यंत बटणाला कुणी हात लावायचा नाही. घड्याळजीने सगळं अगदी तसंच केलं. फक्त वडिलांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. बायको बाहेर गेली होती, आणि नजर हटली की अण्णा घराबाहेर पडायचे आणि परत यायचं विसरायचे. स्टिअरिंग हातात दिलं की मात्र तासन्‌तास गप्प बसत. चाळीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस तो.

पॅडची क्लिप नीट बसली नव्हती. ती सारखी करायला त्याने बोटं आत घातली आणि मोटर घूंऽऽ करून फिरली.

"अण्णा, ऐकताय ना?"

"ऐकतोय की. ब्रेक ओढलाय मी," अण्णा आतून समाधानाने म्हणाले. "आरशात बघतो तर तू चाकाशी बसलेला, चाक काढलेलं, आणि ब्रेक मोकळा! काय म्हणावं तुला?"

"तोच सोडा. माझी बोटं अडकलीत त्यात."

"म्हणजे हात आत आहे तुझा?"

"हो, आत आहे! सोडा लवकर!"

"मग तर मुळीच नाही सोडणार. माणूस गाडीखाली आणि मी ब्रेक सोडू? आमच्या क्लीनरचा पाय गेला तो असाच. थांब, पायानेही दाबून धरतो."

"नको! अण्णा, नको..."

अण्णांनी पाय दाबला. पॅड आणखी आवळलं. घड्याळजीच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

आणि गंमत बघा, ते बटण अण्णांना त्यानेच शिकवलं होतं. महिनाभर, रोज सकाळी, बोट धरून. हा तुमचा आताचा हँडब्रेक, अण्णा. नातवाचं नाव त्यांना आठवत नाही, जेवलो की नाही ते आठवत नाही. बटण बरोब्बर आठवलं.

ब्रेकचे बोल्ट डाव्या हातानेही सुटले असते, पण मघाच्या हिसक्यात लाथ लागून पाना गाडीखाली गेला होता. त्याने पाय लांबवून तो ओढायला बघितलं, तर पाना आणखी आत सरकला. फोन पुढच्या सीटवर, स्कॅनरशेजारी. त्याने हाकांवर हाका मारल्या. भर दुपारी पार्किंगमध्ये चिटपाखरू नव्हतं. वरच्या मजल्यावर कुणाचा तरी मिक्सर चालू होता, तो थांबेपर्यंत त्याचा घसाही बसला. मघाशी बोटं जळत होती, आता टोकाकडचं काही कळेनासं झालं होतं. त्याला त्या जळजळीपेक्षा याचीच जास्त भीती वाटली.

मग त्याने खोटं बोलायचं ठरवलं. अण्णांशी खोटं बोलायची छाती त्याला उभ्या जन्मात झाली नव्हती.

"अण्णा, झालं काम," आवाज जमेल तेवढा सरळ ठेवत तो म्हणाला. "मी बाहेर आलो. आता पाय काढा आणि बटण दाबा."



"आलास? कुठे आहेस?"

"हा काय, इथेच."

"इथेच म्हणजे कुठे? असं नसतं चालत. पुढे ये. काचेतून मला दिसशील असा समोर उभा राहा. मग सोडतो."

"अण्णा, मी खरंच बाहेर आहे हो!"

"क्लीनरही तसंच म्हणाला होता. घाई झाली होती त्याला. मी ऐकलं त्याचं." अण्णांचा आवाज एकदम लहान झाला. "आता नाही ऐकणार."

"पाया पडतो, अण्णा. हात जोडतो," घड्याळजी म्हणाला. जोडायला एकच हात मोकळा होता. त्याला हुंदका फुटला. चाळिशी ओलांडलेला बाप्या, गाडीच्या पत्र्याला कपाळ टेकून लहान पोरासारखा रडायला लागला.

"अरे, रडतोस कशाला?" अण्णा आतून म्हणाले. कित्येक महिन्यांत ते इतकं स्वच्छ, इतकं मायेने बोलले नव्हते. "घाबरू नकोस. सावकाश निघ, अजिबात घाई नाही. मी बसलोय ना इथे. तू समोर दिसेपर्यंत हा पाय हलायचा नाही."

आणि नजर समोरच्या काचेवर लावून, सीटवर नीट सरसावून बसत, त्यांनी पाय आणखी घट्ट रोवला.