वजनदार इंग्रजी

"पाठवला तुझा निबंध! आणि नुसता नाही, सुधारून पाठवला," दार उघडतानाच सुभाषराव म्हणाले.

मकरपुऱ्याहून कंपनीच्या बसने नुकतीच आलेली रसिका चप्पल काढता काढता थांबली. "सुधारून म्हणजे, बाबा?"

"अगं, केवढे बारके शब्द घातले होतेस! बालमंदिरातलं पोर लिहील तसे. परदेशातली स्कॉलरशिप मागायची तर इंग्रजीत वजन नको? दोनेकशे शब्द बदलले. आता एकदम सरस झालाय."

तीस वर्षं कारखान्याचा पत्रव्यवहार सांभाळलेला माणूस. रजा मागायची तरी त्यांचं इंग्रजी फेटा बांधूनच बाहेर पडायचं. रसिकाने दुपारी फोनवर बजावलं होतं, आज शेवटची तारीख आहे, घरच्या कॉम्प्युटरवर निबंध तयार आहे, फक्त बटण दाबा. पण हाती आलेला मजकूर तसाच सोडतील तर ते सुभाषराव कसले!

रसिका कॉम्प्युटरकडे धावली. निबंध केव्हाच पोचला होता. तिने स्कॉलरशिपच्या निबंधस्पर्धेच्या नियमांचं पान उघडलं.

"वाचा."

सुभाषराव ऐटीत वाचू लागले आणि तिसऱ्या ओळीला अडखळले. निबंध फक्त इंग्रजीच्या मूळच्या, जर्मॅनिक कुळातल्या शब्दांत लिहायचा होता, म्हणजे बहुतेक छोट्या, रोजच्या शब्दांत. लॅटिन किंवा फ्रेंचमधून आलेला एकही शब्द सापडला तर निबंध बाद; आणि सुभाषरावांनी घातलेले वजनदार शब्द बहुतेक तिथलेच. एकदा पाठवला की बदलता येणार नाही.

"चार महिने, बाबा. एकेक शब्द पारखून घेतला होता."

"मला सांगायचं नाही का?"

"फक्त बटण दाबा म्हटलं होतं."

पोरीला येत नाही म्हणून तिने सोपं लिहिलं, असं ते खुशाल धरून चालले होते. आता तिच्याकडे बघायचीही त्यांना लाज वाटली.

स्नेहलताबाई पाण्याचा पेला घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांचं इंग्रजी लेकीच्या तिसरीच्या पुस्तकापाशीच थांबलं होतं.

"तुझ्या मूळ निबंधाचा कागद फाडू नकोस हं, बेटा," त्या म्हणाल्या. "परवा टेबलावर होता, वाचत बसले. ह्या घरात लिहिलेलं इंग्रजी मला पहिल्यांदाच शेवटपर्यंत समजलं. त्यातली ती गप्प बसणारी बाई मीच ना गं?"