ओवाळलेला तुकडा

शर्यतीतल्या सायकलींचा घोळका घाट चढून कधीच पुढं गेला होता. गावानं स्वागताला लावलेली हलगीही थांबली होती. सगळ्यांत शेवटी राहिला कोंडाबाईचा सुदाम, आणि त्याच्या पाठीला लागलेली, थांबेल त्याला उचलणारी गाडी.

गावानं त्याच्या फोटोचा फ्लेक्स लावला तिथंच पोराला दृष्ट लागली, हे कोंडाबाईनं ओळखलं. भाकरतुकडा घेऊन ती सायकलीबरोबर धावली.

“थांब रं जरा!”

“थांबलो तर बाद होईन, आये!”

तिनं पळता पळताच तुकडा तीनदा ओवाळला. आता फेकणार, तोच भुकेनं डोळे पांढरे झालेल्या सुदामनं निम्मा हिसकावून तोंडात कोंबला.

“आरं थुंक! साऱ्या गावाची दृष्ट हाय त्यात!”

तो चावत चावत वळणाआड गेला.

उरलेला तुकडा भिरकावायला कोंडाबाईनं हात उचलला. मग वळणाकडं बघत तिनं तो स्वतःच्या तोंडात घातला.